बारा झोपला की मजला झोपतो

(ही पत्रं आत्याच्या परवानगीने देते आहे. तिची अट एकच: "मी जे लिहिलं ते छाप, तू जे वाचलंस ते नको." म्हणून दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. आत्या हाडांच्या वॉर्डात रात्रपाळीची नर्स आहे, आणि त्या वॉर्डात माणसं नावापेक्षा खाटेच्या आकड्याने ओळखली जातात. हे मला ठाऊक नव्हतं. दुसरं म्हणजे, आत्या घाईत 'ब'च्या पोटात रेघ मारत नाही. हे ठाऊक होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही. — चिमणी)

४ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. तू सकाळी नऊला झोपतेस, मी रात्री नऊला. तू उठतेस तेव्हा मी स्टुडिओत, मी सुटते तेव्हा तू कामाच्या वाटेवर. दोघींचे डोळे एकाच वेळी उघडे असतील असा मुहूर्त शोधायचा तर वर्ष संपेल.

मी एक घोळ घालून ठेवलाय. मागचा अल्बम पहाटेच्या गाण्यांचा होता, तो लोकांना आवडला. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, "आता पुढे काय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रात्र! दहा गाणी, सगळी रात्रीची." साहेब खूश. कागदावर सही झाली, जूनअखेर गाणी हातात द्यायची.

आता तूच सांग, रात्र कशी असते? मी पाहिलेलीच नाही. तू मला चिमणी उगाच म्हणत नाहीस. दिवे लागले की माझे डोळे मिटायला लागतात. कॉफी पिऊन पाहिली, कप हातात घेऊनच पेंगले. परवा गॅलरीत खुर्ची टाकून बसले, रात्रीचे आवाज टिपायला रेकॉर्डर चालू ठेवला. सकाळी ऐकलं तर चार तास माझंच घोरणं. तेही बेताल.

जूनपर्यंत गाणी झाली नाहीत तर साहेब दुसऱ्या कुणाला घेतील आणि मी पुन्हा साबणाच्या जाहिराती गात बसेन. त्या तू ऐकल्या आहेस, त्यामुळे दया येईलच. तू अठ्ठावीस वर्षं रात्री जागते आहेस. मला फक्त लिहून पाठव, रात्री काय काय होतं. जे दिसेल ते.

तुझी,
चिमणी

१२ जानेवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ही तुझी खोड दुधाचे दात होते तेव्हापासूनची आहे. रात्री काय होतं म्हणे! रात्री काही होऊ नये म्हणूनच मला पगार मिळतो. तरी मागितलं आहेस तर टेबलाशी बसून लिहिते. कागद पाठकोरे आहेत. पलीकडे माझेच रजेचे अर्ज आहेत, मंजूर न झालेले.

तिसरा मजला, वीस खाटा, एका बाजूला खिडक्या. दहा वाजता मोठे दिवे बंद. माझ्या टेबलावरचा एक राहतो, त्यावर मी हिरवा रुमाल घालते. औषधांच्या ट्रॉलीचं मागचं चाक कुरकुरतं. त्याला मी दर आठवड्याला तेल घालते आणि ते दर आठवड्याला पुन्हा कुरकुरतं. तळमजल्यावर कपडे धुण्याचं मोठं यंत्र आहे, ते साडेतीनला बंद होतं, तेव्हा कळतं की इतका वेळ ते चालू होतं.

आणि सध्या आमच्याकडे बारा. खिडकीपाशी आहे. बारा झोपला की सगळा मजला झोपतो. बारा जागा असला की कुणाचा डोळा लागत नाही. आला त्या दिवसापासून नुसता घुमतोय. जन्मभर फिरलेला, आता एका जागी अडकलाय, त्याचा राग. बाकी काही नाही. बाराला शांत करायचं एकच औषध, जवळ बसून त्याचं ऐकून घ्यायचं. माझा चहा रोज निवतो तो बारामुळेच.

यातून गाणं व्हावं असं काही मला दिसत नाही. झोप येते तर झोपत जा. झोप न येणाऱ्यांचे हाल मी रोज पाहते.

तुझी,
आत्या

२१ जानेवारी

ती. आत्यास साष्टांग नमस्कार. या खेपेला खरोखर जमिनीवर आडवी होऊन घातलाय.

तू इतकी वर्षं इंजेक्शनं कशाला देत बसलीस गं? "वारा झोपला की सगळा मजला झोपतो!" हे वाचलं आणि चपला न काढता गिटार घेऊन बसले. अर्ध्या तासात गाणं झालं. ऐक:

वारा झोपला की मजला झोपतो,
दिवा एकटा टेबलाशी जागतो;
कोण कुणाला राखत बसलंय,
रात्र विचारते, आणि चहा निवतो.

"जन्मभर फिरलेला, आता एका जागी अडकलाय." मी दोन वर्षं भिंतीवर डोकं आपटलं असतं तरी हे सुचलं नसतं. एक विचारू? सगळं जग 'वाऱ्याला' म्हणतं. तू 'वाऱ्याला' न म्हणता 'वाराला' का म्हणतेस? शाळेत गुण कापले असते. पण असू दे, कानाला गोड लागतं.

मला आणखी वारा हवा. तो काय करतो, काय म्हणतो, सगळं लिही. अख्खा अल्बम तुझ्या वाऱ्यावर करते की नाही बघ.

तुझी,
चिमणी

५ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

गाणं वाचून आधी हसले, मग दिव्यावरचा हिरवा रुमाल काढून डोळे पुसले. तेवढा वेळ दिवा उघडा राहिला आणि दोघं-तिघं कुरकुरले. पण एक स्पष्ट सांगते. 'बाऱ्या' काय गं? आम्ही एकेरीत बोलतो ते कामाच्या गडबडीत. तू बाऱ्या म्हणू नकोस, वयाने मोठा आहे.

बरं, इतकं विचारतेस म्हणून लिहिते. पहाटे चारच्या सुमाराला बारा शिट्टी घालतो. एक लांब, दोन आखूड. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी दचकून ट्रॉलीवर आपटले होते. आता शिट्टी झाली की घड्याळ बघत नाही, चार वाजलेले असतात. बाराला पडदा ओढलेला चालत नाही, बाहेरचं दिसायला लागतं. आणि बाराकडे बोगद्यांच्या, पुलांच्या, घाटातल्या वळणांच्या इतक्या गोष्टी आहेत की विचारू नकोस. मी अठ्ठावीस वर्षांत हा मजला सोडून कुठे गेले नाही, आणि आता बसल्या जागी रोज तीन बोगदे आणि एक नदी ओलांडून येते.

काल बारा म्हणाला, "तुम्हाला मी उजेडात कधी पाहिलंच नाही."

मी म्हटलं, नाही पाहिलंत तेच बरं, उजेडात सुरकुत्या दिसतात.

जाऊ दे, उगाच लिहीत सुटले. हे गाण्यात घालू नकोस.

आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

घातलं.

"वाऱ्या म्हणू नकोस, वयाने मोठा आहे." आत्या, हे वाक्य मी आरशावर चिकटवलंय. खरंच की! आपल्या सगळ्यांच्या आधीचा तो. इथून पुढे अहो-जाहो करीन.

चार गाणी झाली. शिट्टीचं एक, पडद्याचं एक, तीन बोगदे आणि नदीचं एक. "तुम्हाला मी उजेडात कधी पाहिलंच नाही" हे तर साहेबांना ऐकवलं. आमचे साहेब स्वतःच्या लग्नातही हसले नव्हते असं त्यांचा ड्रायव्हर सांगतो. ते चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "तुमची आत्या कविता लिहिते का?" मी म्हटलं, नाही, रजेचे अर्ज लिहिते.

तुला गंमत सांगू? अल्बम रात्रीचा, पण मला आता रात्रीची भीती वाटत नाही. तू तिथे बसली आहेस आणि खिडकीशी वारा आहे, एवढं ठाऊक असलं की झोपही छान लागते. म्हणजे मूळ अडचण आहे तिथेच आहे.

आणखी लिही. थांबू नकोस.

तुझी,
चिमणी

२ मे

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

मार्चातल्या माझ्या दोन पत्रांवरून तुझी नऊ गाणी झाली हे वाचून बरं वाटलं. आता एकच राहिलं म्हणतेस. माझ्याकडे द्यायला काही नाही गं.

शनिवारी बारा गेला. सकाळी दहाला, तेव्हा मी घरी झोपलेली. रात्री आले तर खिडकीपाशी नवी चादर घातलेली. दिवसपाळीची सांगत होती, काठी टेकत गेला, हसत होता, दारातून दोनदा मागे वळून बघितलं.

चांगलं झालं. बरं होऊन जावं यासाठीच तर आपण असतो. आता मजला कसा शांत झोपतो. मी चहा गरमागरम पिते. गरम चहाला काही चव नसते.

दहाव्या गाण्याचं तू बघ.

आत्या

७ मे

आत्या,

हे लिहिताना पहाटेचे साडेचार वाजलेत आणि मी जागी आहे. पुन्हा वाच. मी. जागी.

काल संध्याकाळी तुझं पत्र आलं. "वारा गेला" वाचून गलबलून आलं आणि लगेच दहाव्या गाण्याला हात घातला. दोन ओळी झाल्यावर पत्र पुढे वाचलं. "काठी टेकत गेला." पेन थांबलं. आत्या, वारा काठी टेकत नाही.

पत्र दिव्याखाली धरलं. वरच्या ओळीत 'वरं वाटलं'. खाली 'मागे वळून वघितलं'. आणि एकदम शाळेतली चिठ्ठी आठवली. मी तापाने घरी राहिले होते आणि तू लिहून दिलं होतंस, 'हिला वरं नाही', आणि मास्तरांनी ते जसंच्या तसं वर्गात वाचून दाखवलं होतं. महिनाभर मुलं मला 'वरं आहे का' विचारायची. बाकीचे सगळे 'ब' मी सवयीने बरोबर वाचत गेले, आणि नेमका बाराचा वारा झाला!

तुझी सगळी पत्रं जमिनीवर मांडून पहिल्यापासून वाचली. वॉर्डातल्या एका पेशंटला मी वारा समजले आणि त्याच्यावर नऊ गाणी केली. इतकी हसले की शेजारच्यांनी भिंत ठोकली.

मग दोनच्या सुमाराला हसू थांबलं, कारण मी मोजायला बसले. तुझ्या मजल्यावर वीस खाटा. चार महिन्यांत तुझी पाच पत्रं. त्यांत तीन नाही, सात नाही, एकोणीस नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता बारा. आत्या, बाकीच्या एकोणीस खाटांवर काय उशा ठेवल्या होत्या?

साडेतीनला इथेही कुठलंसं यंत्र बंद झालं, आणि तेव्हा कळलं की इतका वेळ ते चालू होतं. तू लिहिलं होतंस तसंच. मग दहावं गाणं आलं. ते वाऱ्याचं नाही, जागणाऱ्या बाईचं आहे. वीस खाटांतला एकच आकडा तिला पाठ झालाय.

कोण आहेत ते? आणि पत्ता घेतलास का? खरं सांग.

तुझी (अजून जागीच),
चिमणी

१३ मे

आगाऊ कार्टे,

मेट्रनबाईंना वाऱ्याचा किस्सा सांगितला, तर त्या खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. हाडांच्या वॉर्डात तेवढंच बाकी होतं. आणि मी तुला 'बाऱ्या' म्हणालीस म्हणून रागावले होते! तुझा 'व' चांगला स्वच्छ होता गं, मलाच माझ्यासारखा 'ब' वाचायची सवय.

कोण आहेत विचारतेस. रेल्वेत गार्ड होते, शेवटच्या डब्यात बसून जन्म काढला. निवृत्त झाले आणि घरातल्या ओल्या फरशीवरून घसरले. अख्ख्या नोकरीत एक ओरखडा नाही, आणि मोडला पाय न्हाणीघरात, याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग. एकटेच असतात. झोपेत शिट्टी घालून रोज पहाटे चारची गाडी सोडायचे.

खाटा मोजायला तुला कुणी सांगितलं होतं?

हो, एकच आकडा लिहिला. लिहिताना कळलं नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं, आणि कान तापले. चौपन्नाव्या वर्षी कान तापतात, हे मला पुस्तकात शिकवलेलं नव्हतं.

पत्ता नोंदवहीत आहे. पण ती वही दुखण्यासाठी उघडायची, आपल्या मनासाठी नाही. अठ्ठावीस वर्षांत उघडली नाही, आता उघडणार नाही. त्यांनी दिला असता तर, मी मागितला असता तर, हे सगळं आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, त्यातलं. दर मंगळवारी सकाळी खाली तपासणीला येतात म्हणे. मंगळवारी सकाळी मी घरी गाढ झोपलेली असते. दिवस त्यांचा, रात्र माझी. संपला विषय.

आत्या

१८ मे

ती. आत्यास सा. न.

जी जन्मात कधी जागली नाही ती मी तुझ्या पत्रांपायी रात्रभर जागले. तुला एक सकाळ जागता येत नाही?

दहाही गाणी साहेबांकडे पोचली, महिनाभर आधी. साबण सुटला! जुलैच्या पहिल्या शनिवारी रात्री नऊला पहिला कार्यक्रम आहे. सोबत दोन पास पाठवतेय. एकावर 'आत्या' लिहिलंय. दुसरा कोरा आहे. त्यावर तू लिही, पण कृपा करून रेघ मार.

तुझी,
चिमणी

२८ मे

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

मंगळवारी पाळी संपली तशी घरी गेले नाही. तोंड धुतलं, केस विंचरले, बाहेर आले, परत आत जाऊन पुन्हा विंचरले. मग तपासणीच्या खोलीबाहेरच्या लांब बाकावर जाऊन बसले, हातात तुझा पास.

सकाळी उजेड किती असतो गं! त्या इमारतीच्या भिंती फिकट पिवळ्या आहेत हे मला अठ्ठावीस वर्षांनी मंगळवारी कळलं. साडेनऊपर्यंत चांगली जागी होते. मग म्हटलं, एक मिनिट डोकं टेकावं.

आणि शिट्टी झाली. एक लांब, दोन आखूड.

मी झोपेतच ताडकन उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "चार वाजले!"

अख्खा बाक हसला. समोर बारा. उभे. मी त्यांना कधी उभं पाहिलंच नव्हतं. चांगले उंच आहेत की.

म्हणाले, "सिस्टर, चार मंगळवार झाले विचारतोय तुम्हाला. तो चौकशीच्या खिडकीतला माणूस एकच सांगतो, त्या रात्री असतात. म्हटलं, आता काय, भेटायचं तर दुसरा पाय मोडून घ्यावा लागणार."

मी रात्रभर मनात बोलणं जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. म्हटलं, "मोडू नका. हा पास घ्या."

त्यांनी पास घेतला, पण बघत होते माझ्याकडे. मी म्हटलं, "दिसल्या सुरकुत्या?"

म्हणाले, "दिसल्या. चहा घेऊ या का? या खेपेला गरम."

खालच्या कँटीनमध्ये बसलो. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. दोघांचेही चहा निवले.

तुझी,
आत्या

६ जुलै

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

कार्यक्रम संपल्यावर तुला भेटायला आत आलो, तर तू आरशासमोरच्या खुर्चीत हार गळ्यात तसाच घेऊन घोरत होतीस. बेताल, हे तू खरंच लिहिलं होतंस. साहेब ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करत होते. म्हणून पुन्हा पत्र.

काय गायलीस गं! शिट्टीचं गाणं आलं तेव्हा माझ्या बाजूच्या खुर्चीतून हळूच एक लांब, दोन आखूड आल्या, आणि पुढच्या रांगेतली बाई रागाने मागे वळली. मी मान खाली घातली. 'वारा झोपला' म्हणालीस तेव्हा सगळं सभागृह वारा ऐकत होतं. खरं काय ते तिसऱ्या रांगेत दोघांनाच ठाऊक होतं. आणि दहाव्या गाण्याला, वीस खाटा आणि एक आकडा आला तसा त्यांनी माझा हात हातात घेतला. मी काढून घेतला नाही. तू विचारणार होतीसच, म्हणून आधीच लिहिते.

परतताना शेवटची बस मिळाली. दिवसभराच्या धावपळीने ते दमले होते. तिसऱ्या थांब्याच्या आत बारा झोपला, माझ्या खांद्यावर. मग समोरचे दोघं पेंगायला लागले, मग कंडक्टर. सगळी बस झोपली. मी जागी होते, सवयीने, आणि इतकी सुखात की एक थांबा पुढे जाऊन उतरावं लागलं.

रजेचा अर्ज केलाय, आठ दिवसांचा. ते तीन बोगदे आणि ती नदी बघायची आहे, उजेडात. या वेळी मंजूर झाला, त्यामुळे पाठकोरा कागद नाही, हा विकतचा आहे.

तुझी,
आत्या

ता. क. हल्ली मी प्रत्येक 'ब'च्या पोटात आठवणीने रेघ मारते. मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. फक्त बारांना चिठ्ठी लिहिते तेव्हा मारत नाही. ते 'वारा' वाचतात आणि ओ देतात.